पेरिना होडीची राहिलेली खेप

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. नाव पेरिना, वय एकोणपन्नास. माझ्या वयाच्या होड्या गोष्ट सांगायला बसल्या की कशा छाती काढून सांगतात, अमक्या वादळातून परत आले, तमक्या साली एवढे मासे आणले. मला ते जमायचं नाही. माझ्याकडून एक गोष्ट अशी झालीय की सांगताना तोंड कुठं लपवू असं होतं. पण लपवण्यापायीच सगळं बिघडलं, म्हणून आता उघडच सांगते.

आमचं बेट दगडाचं. अंजीर, ऑलिव्ह, थोडी द्राक्षं, आणि बाकी चहूकडे समुद्र. नादालिन सुताराच्या अंगणात मला बांधली. फळ्या पाइनच्या, फासळ्या तुतीच्या. तुतीची फांदी जात्याच वाकडी, ती फासळीला बरी पडते. पहिला खिळा ठोकताना नादालिनचा हातोडा त्याच्याच अंगठ्यावर बसला, आणि त्यानं जी शिवी हासडली तो माझ्या कानावर पडलेला पहिला शब्द. इथं सांगण्यासारखा नाही.

माझा मालक बार्बा प्रोश्पेर. आमच्याकडे पिकल्या केसांच्या नावाड्याला बार्बा म्हणतात. तेव्हा तो काळ्या केसांचा होता, बोलायला मात्र तेव्हापासूनच महाग. मला त्यानं आपल्या आईचं नाव दिलं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचा, "तिनं मला कडेवर वागवलं, ही पण वागवेल." झालं. यापलीकडे माझं कौतुक त्यानं कधी केलं नाही, आणि मला कधी कमीही पडलं नाही.

उन्हाळ्यात तारली मासे, पाठोपाठ द्राक्षं, नोव्हेंबरात पलीकडच्या खाडीतून ऑलिव्हची पोती. लग्नाची नवरी आणली, अडलेल्या बाईसाठी सुईण आणली, एकदा तर चर्चची घंटा आणली. आणि दिवस आखडले की हिवाळा.

आता हिवाळ्याचं नीट ऐका, कारण माझी गोष्ट तिथंच अडकलीय. आमचा हिवाळा म्हणजे नावाला. बर्फ नाही, गारठा नाही. जानेवारीत म्हातारे उन्हात बाकावर बसून कॉफी पितात, फेब्रुवारीत बदाम फुलतो. तुम्ही म्हणाल, मग होडीला कसलं भय? अहो, आम्ही थंडीनं मरतच नाही. आम्ही ओलीनं मरतो. दक्षिणेचा वारा सुटला की आठ-आठ दिवस कोमट पाऊस. खारं पाणी लाकडाला टिकवतं, पण हे पावसाचं गोडं पाणी एकदा आत मुरलं, वर ऊब मिळाली आणि वारा नाही लागला, की लाकूड आतून सडायला लागतं.

बार्बाला हे कुणी शिकवलं नव्हतं. बापाला करताना बघितलं होतं, तसंच करायचा. उत्तरेचा कोरडा वारा धरला की सहा जण लावून, ओंडक्यांना बकऱ्याची चरबी फासून मला वर ओढायचा. नाळ म्हणजे पुढचं टोक उंच, मागची बाजू खाली. मग गुडघ्यावर बसून माझ्या तळातलं लाकडी बूच उपसायचा. समुद्रात असताना ज्या भोकाची धास्ती, तेच भोक हिवाळाभर उघडं! आत आलेलं पाणी तिथून निघून जातं आणि वारा तिथून आत येतो. बूच घरी नेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी, जपमाळेच्या शेजारी खिळ्याला टांगायचं. माझ्यावर बोरूची चटई, तीही काठ्यांवर उचलून धरलेली, दोन्ही टोकं मोकळी.

आणि दर पावसानंतर त्याची बायको दिन्का यायची. कमरेला पदर खोचल्यासारखा घागरा खोचून समुद्रातून दहा बादल्या पाणी काढायची आणि माझ्या अंगावर, आत, कोपऱ्याकोपऱ्यात फेकायची. गोडं पाणी धुऊन जाऊ दे म्हणून.

शेजारी बार्बा कुझ्मा, त्याची होडी माझ्या बाजूलाच. तो दरवेळी विचारायचा, "दिन्का, लोणचं घालतेस काय गं होडीचं?"

"नवऱ्याचं पण घातलंय, म्हणून टिकलाय. तुझं कुणी घातलं नाही, बघ कसा आंबलास."

कुझ्माची होडी बुटकी, पोट सुटलेली, रंग उडालेली. गाव तिला कोंबडीच म्हणायचं. खरं सांगते मित्रांनो, मी तिला शेजारीण मानतच नव्हते. तिच्यावर बोरूची चटई, माझ्यावरही तीच, पण माझा बांधा बघा, तिचा बघा! असा सगळा माज.

असे पंचेचाळीस हिवाळे गेले. मग बार्बाचं कंबरेचं हाड गेलं. घरापासून किनाऱ्यापर्यंत चौऱ्याऐंशी पायऱ्या, त्या उतरणं संपलं. आणि त्याच वर्षी त्याचा मुलगा विस्को जर्मनीहून परत आला. अठरा वर्षं तिकडे मोटारी रंगवत होता. आला तो कायमचा. बापाला म्हणाला, "होडी आता माझ्यावर सोडा."

पोरानं जीव ओतला हो माझ्यावर. दोष द्यायला त्याच्या कामात आळस नव्हताच. मला घासली, पुसली, आणि मोटारींना देतात तसला जाड चकचकीत रंग आतून-बाहेरून चार-चार हात दिला. मी आरशासारखी झाले. गावातल्या बाया माझ्यात बघून केस सारखे करायच्या. नोव्हेंबर आला तसं त्यानं पांढऱ्या प्लास्टिकचं मोठं भेंडोळं आणलं. तिकडे उत्तरेत बर्फापासून होड्या वाचवायला असं गुंडाळतात म्हणे. नाळेपासून शेपटापर्यंत मला गुंडाळलं, गरम हवेच्या यंत्रानं प्लास्टिक आवळलं, कुठं चिमटीत धरता येईल एवढी सुरकुती ठेवली नाही.

कुझ्मा पाइप ओढत बघत होता. म्हणाला, "बूच काढलंस का रे?"

"बार्बा, होडीच्या बुडाला कुणी मुद्दाम भोक ठेवतं का? इकडून पाण्याचा थेंब जाणार नाही आत."

"जाणार नाही, ते दिसतंय. येणार कुठून बाहेर?"

विस्को हसला. "तुमच्या कोंबडीला पण देऊ का उरलेलं?"

"नको बाबा. तिला अंडी उबवायची नाहीत."

आणि मी? मी नवरीसारखी फुगून बसले. कोंबडीवर तीच जुनी चटई, दोन ठिकाणी उंदरानं कुरतडलेली. माझ्यावर परदेशी पांढरा झगा. पाऊस पडला, माझ्यावर टपटप वाजला नि ओघळून गेला. दिन्का बादली घेऊन आली, प्लास्टिकवर हात फिरवला आणि भरलेली बादली समुद्रात ओतून परत गेली.

मग ऊन पडलं. आमचं हिवाळ्यातलं ऊन, लोकांना सुखाचं. प्लास्टिकच्या आत मात्र भट्टी. लाकडात होती ती ओल वाफ होऊन वर जायची, रात्री थेंब होऊन खाली पडायची, बुचापाशी साचायची. सकाळी परत तेच. पुढच्या फळीखाली, जिथं कुणाची नजर जात नाही, तिथं मला गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. बुरशी होती ती. महिन्याभरानं तिला टोप्या फुटल्या.

उन्हाळ्यात मी पाण्यात उतरले तेव्हा मला सगळं कळत होतं. कण्याजवळच्या फळ्या मऊ पडल्या होत्या. आम्हा होड्यांना तोंड नसतं, आमचं बोलणं म्हणजे गळणं. थोडी गळले असते तर विस्कोनं फळी उचलून बघितलं असतं, नादालिनला बोलावलं असतं. पण लोक धक्क्यावर थांबून म्हणत होते, "काय दिसते रे पेरिना! पन्नाशीची वाटत नाही." मऊ लाकूड पाणी पिऊन फुगलं, त्यानं फटी बुजल्या, वरून जाड रंग. मी श्वास आवळून धरला आणि एक थेंब आत येऊ दिला नाही. लोकांना वाटलं ठणठणीत. हीच ती माझी लबाडी, मित्रांनो. दुसऱ्या नोव्हेंबरात परत पांढरा झगा चढला, तेव्हाही मी गप्प.

त्या फेब्रुवारीत बार्बा प्रोश्पेर गेला.

आमच्या गावची दफनभूमी खाडीच्या पलीकडे, टेकाडावर. मेलेला माणूस तिथं स्वतःच्या होडीतून जातो. डोंगराला वळसा घालणारी वाट आहे, पण तिनं नेलं तर गाव म्हणतं, बिचाऱ्याचं पाण्यात काही नव्हतं. आणि दुसऱ्याच्या होडीतून जावं लागलं तर त्याहून कमीपणा. जिच्या जिवावर जन्म काढला तिनं शेवटची खेप न्यायची, एवढंच होडीकडून मागणं असतं. बार्बानं आजारपणात विस्कोला एकच सांगितलं होतं, "पेरिना नेईल मला. कोरडा ने."

विस्कोनं सुरीनं प्लास्टिक फाडलं. आतून असा भपका आला की तो दोन पावलं मागे गेला. "बंद होती ना, म्हणून," तो स्वतःशीच बोलला आणि चिंधीनं पुसायला लागला.

कुझ्मा जवळ आला. टोपी हातात होती. हळू म्हणाला, "विस्को, जमिनीवरून उठलेली होडी आधी दोन दिवस पाण्यात फुगू दे, मग तिच्यावर माणूस घाल. बापाला माझ्या कोंबडीतून नेऊ. ती परवापासून पाण्यात आहे, मी तिला धुतलीय."

"बार्बा, तुमचे उपकार. पण बाबा स्वतःच्या होडीतूनच जाणार. ही ठणठणीत आहे."

मी तेव्हा तरी गळायला हवं होतं. धक्क्यालाच. तिथं चार जण हसले असते, संपलं असतं. पण शवपेटी आणली, माझ्या मधोमध ठेवली, आणि दोन वर्षांनी बार्बाचं वजन माझ्या अंगावर आलं तसं मला वाटलं, एकदाच, फक्त पलीकडे पोचेपर्यंत धरीन. धरीनच.

समुद्र शांत होता. वल्ह्यावर चार जण, पुढे पाद्री, पेटीच्या उशाशी दिन्का, सुकाणूवर विस्को. मागे सगळ्या गावच्या होड्या. निम्मी खाडी ओलांडली आणि कण्याजवळची फळी गेली. मोठा आवाज झाला नाही. ओला पाव मोडतो तशी मोडली.

पाणी आधी वल्हेकऱ्यांच्या बुटांना लागलं. कुणी बोललं नाही. मयत होती ना, पहिल्यांदा कोण बोलणार? मग पाद्रीनं झगा उचलला. मग एकानं टोपी काढून पाणी उपसायला सुरुवात केली, मग चौघांनी. टोप्यांनी कुठं समुद्र उपसतो? दिन्काचे काळे मोजे घोट्यापर्यंत भिजले. ती हलली नाही. तिनं फक्त पेटीखाली हात घातला, बाळाचं डोकं सांभाळावं तसा. आणि मला कळलं की खालची कड भिजली.

कुझ्मा कोंबडीला वल्हवत बाजूला घेऊन आला. माझ्या चकचकीत रंगावर तिचा खरबरीत काठ घासला. तो म्हणाला, "विस्को, तुझा बाप पोहायचा झकास. पण आज त्याच्यानं व्हायचं नाही. दे इकडे."

विस्कोच्या तोंडावरचा रंग उतरला होता. त्यानं वल्हेकऱ्यांसोबत बापाची पेटी उचलली आणि कोंबडीत दिली. दिन्काही गेली. पाद्रीही गेला. ती बुटकी, पोटसुटी, रंग उडालेली होडी माझ्या मालकाला घेऊन टेकाडाकडे गेली. तिच्यात एक थेंब पाणी नव्हतं. मला मागे दोर बांधून, काठोकाठ पाण्यानं भरलेली, धक्क्याला आणली. घंटा वाजली तेव्हा मी तिथं नव्हते.

दुसऱ्या दिवशी नादालिन सुतार आला. ऐंशी पार केलेला, एका डोळ्यानं दिसत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम. काठीऐवजी भिंत धरत आला. खिशातली सुरी काढून त्यानं माझ्या फळीत खुपसली. मुठीपर्यंत आत गेली. त्यानं ती काढली, पुसली, आणि मला म्हणाला, "पेरिना, असं करायचं होय? ओरडायचं नाहीस?"

विस्कोला तो काही बोलला नाही. मला बोलला. बरोबरच होतं ते.

आमच्याकडे डिसेंबरात संत निकोलाच्या दिवशी चर्चसमोर एक जुनी होडी जाळतात. राख जपून ठेवतात आणि नव्या होड्यांच्या कण्यात घालतात. ज्या होडीनं आयुष्य घासलं तिला तो मान. चार दिवसांनी धक्क्यावर लोक बोलायला लागले, यंदा पेरिनाला देऊन टाका. विस्को म्हणाला, "द्या. आजच न्या म्हटलं तरी द्या. मला ती दिसायला नको." माझीही तीच इच्छा होती. जळून गेले म्हणजे सुटले.

दिन्का चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरून आली. काळे कपडे, हातात रिकामी बादली. सगळ्यांसमोर म्हणाली, "काय ठरतंय?"

"आई, जाळून टाकू हिला."

"जाळणं हा मान असतो. तू हिला मान देतोयस, का आपली लाज जाळतोयस?"

विस्को खाली बघायला लागला. "चूक माझी आहे गं. तिकडे बघितलं तेच शहाणपण समजलो. बाबांनी एकदा तरी अडवायचं होतं."

"तो अडवणार होता." दिन्का माझ्या काठावर बसली. "तू होडी गुंडाळून आलास त्या दिवशी जेवताना त्यानं बघितलं, खिळा रिकामा. मला म्हणाला, बूच कुठंय? मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला. पोरगं अठरा वर्षांनी घरी आलंय, म्हटलं, पहिल्याच कामात चूक काढू नका, परत जाईल. तो गप्प बसला. मी बादली घेऊन इथवर येत होते आणि परत जात होते. तुला दुखवायचं नाही म्हणून मी त्याला भिजवला. आता सांग, कुणाकुणाला जाळतोस?"

कुझ्मा खाकरला. "मी पण गंमतच करत बसलो. हात धरून बूच काढायला लावायचं होतं."

"नवऱ्याची खेप हिनं बुडवली," दिन्का उठत म्हणाली. "माझी खेप राहिलीय अजून. ती कोरडी नेऊ दे, मग जाळा खुशाल. तोवर सुटका नाही हिला, आणि तुलाही नाही, विस्को."

तो सगळा उन्हाळा माझी सोलणी चालली. विस्कोनं स्वतः दिलेला रंग स्वतःच्या हातानं खरवडला. खोक्यावर बसून नादालिन सांगायचा, कान देऊन ऐकायचा. "रंधा रडतोय, हात उलटा चाललाय. नीट धर." सात फळ्या गेल्या, चार फासळ्या गेल्या. फासळ्यांसाठी घरामागच्या तुतीची फांदी तोडली. बार्बा त्याच तुतीखाली बसून जाळी शिवायचा. फटींमध्ये पीळ दिलेला कापूस ठोकला, वर डांबर. आणि साधा, पातळ रंग, खालून लाकूड श्वास घेईल असा. मी आता काही आरसा नाही. कुणी माझ्यात बघून केस विंचरत नाही.

नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मेलेल्यांच्या दिवशी, सगळं गाव होड्यांतून टेकाडावर जातं. दिन्का माझ्यात येऊन बसली, मांडीवर शेवंतीची फुलं. खाडीच्या मध्यावर, अगदी त्याच जागी, तिनं बूट काढले. मग मोजे काढले. उघडी पावलं माझ्या तळाच्या फळीवर टेकवली आणि पलीकडचा काठ लागेपर्यंत तशीच ठेवली.

विस्कोनं विचारलं, "आई, गार लागत असेल ना?"

"कोरडं आहे," ती म्हणाली.

मला काय वाटलं, सांगू? सगळ्यांना वाटतं मला बरं वाटलं असेल. टेकाडावरचा बार्बाच्या थडग्याचा पांढरा दगड तिथल्या धक्क्यावरून दिसतो. मी नाळ दुसरीकडे वळवून उभी राहिले. ती पावलं कोरडी नेली म्हणून ती पेटीची कड काही वाळत नाही.

परतल्यावर मला वर ओढली. ओंडक्यांना चरबी, नाळ उंच. विस्को गुडघ्यावर बसला आणि त्यानं बूच उपसलं. पुसून खिशात घातलं. घरी खिळ्याला टांगलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दिन्का खाली आली ती पायऱ्या उतरतानाच ओरडत, "खिळ्यावर आहे रे, कुझ्मा, खिळ्यावर!" माझ्यावर बोरूची चटई आहे, कोंबडीची आणि माझी एकाच गठ्ठ्यातली. पाऊस पडून गेला की विस्को बादल्या मारतो. पहिल्या दिवशी त्यानं मला दहा मारल्या आणि मग न विचारता कोंबडीलाही दहा मारल्या. कुझ्मा लांबून बघत होता. लोणच्याचं काही बोलला नाही. नुसती टोपी वर केली.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू असेल, नाहीतर माणूस. जपा त्यांना. पण आवळून, गुंडाळून जपू नका, वारा लागू द्या. त्यांना आधी कुणी कसं जपलं ते विचारा. कुणी चुकत असेल तर त्याला वाईट वाटेल म्हणून टेबलाखालून पाय दाबू नका. आणि तुम्ही स्वतः कुठं आतून मऊ पडला असाल, तर माझ्यासारखं धरून बसू नका. धक्क्यालाच गळा. चार लोक हसतील, हसू देत.

दिन्का आता पंच्याहत्तरची आहे. अजून पायऱ्या उतरते, अजून कुझ्माशी भांडते. तिची खेप माझ्याकडे राहिलीय, आणि ती घाईनं यावी असं मला मुळीच वाटत नाही. मी इथं नाळ वर करून पडून आहे. बूच खिळ्यावर, तळातलं भोक सताड उघडं. येणारी-जाणारी पोरं वाकून त्यातून आत डोकावतात. मला लाज वाटते. पण बघू देते.